भिंत हलली की मोजणी?

गिरगावात फणसवाडीतल्या एका चाळीच्या रहिवाशांनी काही वर्षांपूर्वी आमच्यापुढे एक अहवाल ठेवला. अहवाल जाड होता, कागद गुळगुळीत होता आणि मधोमध चाळीच्या दर्शनी भिंतीचे एक मोठे रंगीत चित्र होते. तळमजला निळा, पहिला मजला हिरवा, दुसरा पिवळा आणि तिसऱ्या मजल्याचा वरचा पट्टा लालभडक. चित्राखाली लिहिले होते : 'मार्च ते जुलै या काळातील कमाल बदल १४ मिलिमीटर.' लेसर स्कॅनरने दोनदा मोजणी करून संगणकाने दोन्ही मोजण्यांची तुलना केली होती. रहिवाशांतले सर्वांत वडीलधारे आजोबा म्हणाले, "सर, आम्हांला त्यातलं गणित कळत नाही. घर सोडायचं की नाही, एवढंच सांगा."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दक्षिण मुंबईत जुन्या इमारती पडतात आणि माणसे मरतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक लोक दगावले. फणसवाडीपासून ते ठिकाण फार लांब नाही. त्याच काळात मेट्रो ३ ची भुयारे गिरगाव-काळबादेवीच्या पोटातून खणली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा टप्पा सुरू झाला आणि खोदकामाची धास्ती मागे पडली. पण भिंतीकडे पाहून झोप उडण्याचे दिवस इथल्या लोकांनी अनुभवले आहेत. दुसऱ्या बाजूला, एकदा घर रिकामे केले की परत कधी येणार याची खात्री कोणी देत नाही. म्हणजे चूक कोणत्याही बाजूला झाली तरी किंमत रहिवाशांनीच मोजायची.

आम्ही त्या अहवालाची मूळ मोजमापे मागून घेतली आणि ती पुन्हा तपासली. त्या तपासणीत जे दिसले त्यावरून अशा अहवालांच्या पद्धतीवर काही टीका करणे आम्हांला आवश्यक वाटते. टीका यंत्रावर नाही. यंत्र उत्तम होते. टीका आहे ती, यंत्राने दिलेल्या आकड्यांपासून 'भिंत हलली' या वाक्यापर्यंत घेतलेल्या उडीवर.

यंत्र काय मोजते?

लेसर स्कॅनर तिपाईवर उभा राहतो, चहूकडे फिरतो आणि प्रकाशाचे स्पंद सोडतो. स्पंद भिंतीवर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून (काही यंत्रांत परतलेल्या तरंगाच्या कलेवरून) अंतर निघते. अंतरात १ मिलिमीटरचा फरक म्हणजे जाऊन-येऊन २ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ७ पिकोसेकंद. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यांतले सात. एवढे सूक्ष्म काम हे यंत्र सेकंदाला लाखो वेळा करते. प्रत्येक मोजणीतून अवकाशातला एक बिंदू मिळतो आणि अशा कोट्यवधी बिंदूंचा जो समूह तयार होतो त्याला 'बिंदुमेघ' म्हणतात.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बिंदुमेघ म्हणजे भिंत नव्हे. भिंत अखंड असते, मेघ विरळ असतो. मार्चमध्ये भिंतीच्या ज्या ठिपक्यावर लेसर पडला, बरोबर त्याच ठिपक्यावर तो जुलैत पडणार नाही. तेव्हा 'हा बिंदू किती सरकला' असे विचारताच येत नाही, कारण तोच बिंदू दुसऱ्या मेघात नसतो. दोन मेघांची तुलना करायची तर मध्ये काहीतरी गृहीत धरावे लागते. सगळी गंमत आणि सगळा धोका त्या गृहीतात आहे.

पहिला आभास : विरळ म्हणजे सरकलेले

अहवालात वापरलेली रीत सर्वांत सोपी होती. जुलैच्या मेघातला प्रत्येक बिंदू घ्या, मार्चच्या मेघात त्याच्या सर्वांत जवळचा बिंदू शोधा, त्या दोहोंतले अंतर म्हणजे 'बदल'. ही रीत झटपट आहे आणि ढोबळ कामाला उपयोगीही आहे. पण तिची परीक्षा घ्यायला एक साधा प्रश्न पुरतो : भिंत मुळीच हलली नसेल तर उत्तर शून्य येईल का?

येणार नाही. जवळचा बिंदू म्हटले तरी तो थोडा बाजूला असणारच आणि ते बाजूचे अंतरही 'बदल' म्हणून मोजले जाणार. फणसवाडीतल्या त्या जागेवर गल्ली अरुंद असल्याने स्कॅनर भिंतीपासून जेमतेम ४ मीटरवर उभा होता. भिंतीचा माथा यंत्राच्या पातळीपासून सुमारे १२ मीटर उंच. १० मीटरवर दोन बिंदूंत ६ मिलिमीटर अंतर राहील अशी मांडणी होती. आता हिशेब करून पाहा. समोरच्या भागात बिंदू साधारण अडीच मिलिमीटरवर पडतात. माथ्यापर्यंत किरणाला सुमारे साडेबारा मीटर जावे लागते. तेथे आडवे अंतर ८ मिलिमीटरच्या आसपास होते. शिवाय किरण भिंतीला अगदी तिरका, सुमारे १८ अंशांनी घासत जातो, त्यामुळे उभे अंतर आणखी तिपटीने ताणले जाऊन २५ मिलिमीटरवर पोचते.

म्हणजे भिंत जागच्या जागी असतानाही या रीतीने तळाशी सरासरी 'बदल' सुमारे १ मिलिमीटर येतो, माथ्याशी सुमारे ७ मिलिमीटर, आणि काही बिंदूंना तो १३ मिलिमीटरपर्यंत जातो. तळ निळा, मधला हिरवा-पिवळा, माथा लाल! ज्या चित्राने तीस बिऱ्हाडांची झोप उडवली त्यातला बराचसा भाग गल्लीच्या अरुंदपणाचे चित्र होता.

शिवाय हे अंतर नेहमी धनच असते. भिंत पुढे आली की मागे गेली हे त्यातून कळत नाही. ज्या मोजमापाला दिशा नाही आणि ज्याचे शून्य कधी शून्य नसते, त्याच्यावर 'कमाल बदल' असा मथळा देणे आम्हांला शास्त्रीय वाटत नाही.

दुसरा आभास : आमचीच फजिती

येथे आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. मोजमापे हाती येताच आम्ही ती सर्वेक्षणाच्या यूटीएम पद्धतीत बसवली आणि एका जुन्या आज्ञावलीत भरली. पडद्यावर भिंतीऐवजी जिना उभा राहिला! सगळे बिंदू १२.५ सेंटीमीटरच्या पायऱ्यांवर जाऊन बसले होते.

कारण शोधायला एक दुपार गेली. यूटीएममध्ये उत्तरेकडचे अंतर विषुववृत्तापासून मोजतात. गिरगावसाठी ते सुमारे २० लाख ९६ हजार मीटर येते. ती आज्ञावली प्रत्येक संख्या ३२ बिटांत साठवत होती आणि त्यांतले २४ बिटच संख्येच्या अंकांसाठी असतात. दहा लाखांहून मोठ्या, म्हणजे २ च्या २० व्या घातापलीकडच्या, संख्यांसाठी एवढ्या जागेत दोन शेजारच्या संख्यांतले अंतर १/८ मीटर होते, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर. पूर्व-पश्चिम अंतर सुमारे २ लाख ७१ हजार मीटर, म्हणून त्या दिशेची पायरी लहान, सुमारे ३ सेंटीमीटर. मिलिमीटर मोजणारे यंत्र आणि विताएवढ्या खुणा असलेली पट्टी, अशी ती जोडी होती.

उपाय सोपा आहे. आधी सर्व बिंदूंतून एक मोठी ठरावीक संख्या वजा करायची, म्हणजे उरलेले आकडे लहान होतात आणि त्यांचे बारकावे टिकतात. क्लाउडकम्पेअर ही विनामूल्य आज्ञावली मोठे सहनिर्देशक दिसताच स्वतःहून असे विचारते. पुष्कळ जण तो प्रश्न न वाचताच बटण दाबून पुढे जातात. आम्हीही पूर्वी तेच केले असणार.

तिसरा आभास : सगळी गल्लीच कलली

मग आम्ही रीत बदलली. भिंतीच्या प्रत्येक लहान भागाला लंब कोणत्या दिशेने आहे हे काढून त्या लंबाच्या दिशेनेच दोन मेघांतले अंतर मोजले. या रीतीत धन-ऋण चिन्ह मिळते आणि बिंदू बाजूला असल्याचा त्रास बराच कमी होतो. लाल रंग ओसरला. पण पूर्ण गेला नाही. माथा गल्लीकडे ५ मिलिमीटर झुकलेला दिसू लागला. तळाशी शून्य, माथ्याशी ५ आणि मध्ये सरळ रेषेत वाढ. भिंत खरोखर कलली तर अगदी असेच दिसेल.

मात्र स्कॅनर कलला तरीही असेच दिसेल. जुलैत तिपाई पुन्हा मांडली होती. दोन मेघ एकमेकांवर बसवताना फक्त ०.०२४ अंशांची गफलत झाली तर १२ मीटर उंचीवर ५ मिलिमीटरचा फरक पडतो. मग भिंत की यंत्र, हे ठरवायचे कसे?

येथे अहवाल लिहिणाऱ्यांनी आपल्याजवळचा सर्वांत मोलाचा पुरावा टाकून दिला होता. स्कॅनर चहूकडे पाहतो. समोरची इमारतही त्याच मेघात होती. 'कामाची नाही' म्हणून ती कापून टाकली होती. आम्ही ती परत घेतली. समोरच्या इमारतीचा माथाही ५ मिलिमीटर सरकलेला निघाला, पण गल्लीपासून दूर, म्हणजे आमच्या चाळीच्याच दिशेने. दोन स्वतंत्र पायांवरच्या, समोरासमोरच्या दोन इमारती एकाच दिशेला, एकाच कोनातून कलाव्यात हे संभवत नाही. कललेली होती ती मोजणीची चौकट.

शिक्षकांना हे नवे नाही. व्हर्नियर कॅलिपर हातात देताना आपण मुलांना आधी जबडे मिटून शून्य जुळते का ते पाहायला सांगतो. समोरची इमारत म्हणजे या मोजणीचे मिटलेले जबडे होते. अहवालात शून्यांक त्रुटी पाहिलीच नव्हती.

मेघ एकमेकांवर बसवण्याची प्रचलित रीत पॉल बेस्ल आणि नील मॅके यांच्या १९९२ च्या निबंधामुळे रूढ झाली. जवळच्या बिंदूंच्या जोड्या लावायच्या, त्यांतले अंतर कमीत कमी होईल असा मेघ फिरवायचा-सरकवायचा, पुन्हा जोड्या लावायच्या. रीत सुंदर आहे. पण तिला काय हलले आणि काय स्थिर आहे हे माहीत नसते. नुसती संशयित भिंतच तिच्या स्वाधीन केली तर ती खरा कलसुद्धा चूक समजून पुसून टाकील आणि 'सर्व ठीक' असे हिरवे चित्र हाती देईल. लाल आभासापेक्षा हा हिरवा आभास अधिक घातक आहे. म्हणून आम्ही चाळ वगळून समोरच्या आणि शेजारच्या इमारती व जोती यांवर मेघ बसवले.

हाताने भरलेला आकडा

लंबाच्या दिशेने मोजण्याची जी रीत आम्ही वापरली ती दिमित्री लाग, निकोला ब्रोदू आणि जेरोम लरू यांनी २०१३ मध्ये मांडली. न्यूझीलंडमधील एका नदीच्या घळईची झीज मोजण्यासाठी ती घडवली गेली. तिचा मोठा गुण असा की ती नुसता फरक सांगून थांबत नाही. किती फरकापर्यंत विश्वास ठेवू नये ती मर्यादाही सांगते. या क्षेत्रात ही मोठीच सुधारणा आहे.

परंतु या मर्यादेवरही आमचे दोन आक्षेप आहेत. मर्यादा दोन भागांची बनते : एक भाग बिंदूंच्या विखुरलेपणाचा, तो आज्ञावली स्वतः काढते, दुसरा भाग मेघ जुळवण्यातील त्रुटीचा, तो आकडा वापरणाऱ्याने हाताने भरायचा असतो. समजा बिंदूंचा विखुरलेपणा ४ मिलिमीटर आणि प्रत्येक भागात १०० बिंदू आहेत. जुळवणीची त्रुटी शून्य भरली तर मर्यादा १.१ मिलिमीटर येते. ३ मिलिमीटर भरली तर ७ मिलिमीटर. भिंत तीच, मोजमापे तीच. पहिल्या आकड्याने आमच्या चाळीची जवळजवळ सगळी भिंत 'हललेली' ठरली असती. दुसऱ्याने काहीच हललेले नाही असे ठरले असते. इतका निर्णायक आकडा अहवालात कोठे तरी ठळकपणे छापायला नको का?

दुसरा आक्षेप असा की हा आकडा सगळीकडे सारखा धरला जातो. लेखकांनी ही मर्यादा आपल्या निबंधात प्रामाणिकपणे सांगितली आहे. वापरणारे ती विसरतात. कोनाची चूक तळाशी शून्य असते आणि माथ्याशी सर्वांत जास्त. शिवाय बिंदूंची संख्या वाढवली की पहिला भाग घटत जातो, पण पद्धतशीर चूक शंभरदा मोजली काय, लाखदा मोजली काय, तेवढीच राहते. घड्याळ पाच मिनिटे पुढे असेल तर ते हजार वेळा पाहून बरोबर वेळ कळणार नाही.

यावर मार्ग एकच : न हललेल्या पृष्ठांवर, त्याच उंचीवर, किती फरक उरतो ते पाहायचे आणि तोच आकडा भरायचा. आमच्या बाबतीत पुन्हा जुळवणी केल्यावर तो १ मिलिमीटर आला. त्याने मर्यादा ३ मिलिमीटरच्या थोडी वर गेली.

मग काय उरले?

भिंतीवरचा लाल रंग गेला. दांडीवरचे कपडे, कबुतरे, खिडकीच्या गजांच्या कडांवर अर्धा-अर्धा पडलेल्या किरणांचे हवेत तरंगणारे बिंदू, पावसाने ओल्या झालेल्या पट्ट्यावरून परत न आलेला प्रकाश हे सारे एकेक करून ओळखून बाजूला काढले. आणि मग एक डाग उरला. तिसऱ्या मजल्याच्या लाकडी गॅलरीचा एक कोपरा ६ मिलिमीटर खाली गेला होता. तो जुळवणी कशीही बदलली तरी जाईना. पावसाळ्यात लाकूड फुगते हे खरे, पण फुगलेले लाकूड एकाच कोपऱ्यात खाली उतरत नाही.

मूळ चित्रात हा डाग शोधूनही सापडला नसता. लाल समुद्रात तो बुडून गेला होता. आम्ही तेथे ओळंबा सोडला, भेगेवर काचेची पट्टी चिकटवली आणि रहिवाशांना संरचना अभियंत्याला बोलवायला सांगितले. काही आठवड्यांत काच तडकली. अभियंत्याने गिलावा काढला तेव्हा तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजलेले निघाले. गॅलरीला टेकू दिले, ती वापरायला बंद केली आणि तुळई बदलली. चाळ रिकामी करावी लागली नाही.

ही हकीकत आमच्या हुशारीसाठी सांगत नाही. 'चित्र खोटे आहे' एवढेच सिद्ध करून आम्ही थांबलो असतो तर ती गॅलरी एखाद्या दिवशी माणसांसकट खाली आली असती. आभास दूर करायचे ते घाबरलेल्यांची समजूत घालण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या आड दडलेले खरे दिसावे म्हणून.

मुंबईचाच एक जुना धडा

फणसवाडीपासून थोड्याच अंतरावर, कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूच्या बिघडतील हे ओळखून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत हे काम अलिबागला हलवण्यात आले. विजेच्या ट्राम धावू लागल्या १९०७ मध्ये. पण अलिबागच्या नोंदी १९०४ मध्येच सुरू झाल्या होत्या आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली जात होती. जुनी मालिका आणि नवी मालिका यांत जागेमुळे किती फरक पडतो हे आधी कळावे, म्हणजे नंतर दिसणारा फरक पृथ्वीचा की जागेचा असा घोळ राहणार नाही, हा त्यामागचा हेतू. लेसर नव्हता, संगणक नव्हता. पण तुलना करण्यापूर्वी तुलनेची चौकट तपासायची असते हे भान होते. आजच्या गुळगुळीत अहवालांत नेमके तेच हरवलेले दिसते.

आमची मागणी मोठी नाही. असा प्रत्येक रंगीत नकाशा तीन गोष्टींसह द्यावा : न हललेल्या पृष्ठांवर तीच रीत लावून आलेले चित्र, जुळवणीच्या त्रुटीचा भरलेला आकडा आणि तो कसा काढला याचे एक वाक्य. ज्या नकाशासोबत हे नसेल त्यावरून कोणी कोणाला घराबाहेर काढू नये आणि कोणी कोणाला निर्धास्तही करू नये.

वर्गात हे दाखवायला स्कॅनर लागत नाही. मच्छरदाणीच्या जाळीचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून वरचा किंचित फिरवा. पट्टे उमटतील. मुलांना विचारा, हे पट्टे कोणत्या जाळीत आहेत? मग तुकडे वेगळे करून दाखवा. पट्टे दोहोंपैकी एकाही जाळीत नाहीत. ते तुलनेत आहेत. त्यानंतर खालच्या जाळीचा एक धागा गुपचूप ओढून ठेवा आणि तो शोधायला सांगा. पट्ट्यांतून धागा शोधायला शिकलेले मूल उद्या अशा अहवालावर सही करण्यापूर्वी समोरची इमारतही पाहील.